झालेला ठराव आणि त्याचा फेरविचार

(मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावी, नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी केलेले भाषण.)



आजच्या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या वकिलाने धम्मावर प्रवचन करावे हा माझा अधिकार नव्हे. ते काम येथे जमलेले वडीलधारे माझ्याहून चांगले करतील. मी ज्या विषयाचा थोडाफार अभ्यास केला आहे, त्यावरच चार शब्द बोलतो. सभेने एकदा ठराव केला, मते पडली, निकाल लागला. तो ठराव मागाहून फिरविता येतो काय? येत असल्यास कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने फिरवावा? विषय रूक्ष वाटेल, परंतु आपल्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध किती निकटचा आहे हे मी आपल्याच तालुक्यातील एका अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेत १५ ऑगस्टच्या दिवशी ठराव झाला की, सार्वजनिक विहिरीवरून बौद्धवाडीपर्यंत नळ न्यावा. वाडीतील लोक मोठ्या संख्येने हजर होते, मीही पाहुणा म्हणून होतो. हात वर झाले, ठराव संमत झाला. मी लोकांना म्हणालो, “झाले, आता काम पुरे झाले.” ती चूक माझी. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने असे बोलावयास नको होते. पुढे हिवाळ्यात एक ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब झालेल्या सभेस पुन्हा गणपूर्तीची अट लागत नाही. त्या सभेस वाडीतील कोणीही गेले नाही. मोजक्या माणसांनी आयत्या वेळचा विषय म्हणून आमचा ठराव रद्द केला. आम्हांस ते केव्हा कळले? चैत्रात, जांभ्या दगडाच्या सड्यावर पाण्याचा ठिपूस राहिला नाही, आणि पाइप का आले नाहीत म्हणून विचारावयास गेलो तेव्हा. मी विचारले, “पहिल्या ठरावाची नक्कल कोणाजवळ आहे?” कोणाजवळच नव्हती. माहितीच्या अधिकाराखाली इतिवृत्त मिळवावे लागले. नोटिशीत जो विषय नव्हता, तो सभेत घेऊन ठराव फिरविला गेल्याचे त्यात दिसून आले. आम्ही वरिष्ठांकडे तक्रार केली, विषय पुन्हा रीतसर सभेपुढे आला, आणि या वेळी वाडी हजर असल्यामुळे मूळचा ठराव कायम राहिला. पण दरम्यान एक उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात आमच्या आयाबहिणींनी डोक्यावर हंडे घेऊन किती घाट्या चढल्या-उतरल्या त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की, ठराव म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. जी सभा ठराव करते तीच सभा सामान्यतः तो बदलूही शकते. तसे नसते तर कोणतीही चूक सुधारता आली नसती. परंतु बदलण्याची मुभा अनिर्बंध असेल, तर कोणत्याही निर्णयास स्थैर्य राहणार नाही, आणि जो पक्ष आज हरला तो उद्या पुन्हा तोच विषय घेऊन उभा राहील. या दोन टोकांमधून मार्ग काढण्यासाठी जगातील सर्व सभागृहांनी नियम केले आहेत. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७६ साली सभासंचालनाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांनुसार फेरविचाराची सूचना जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सभासदानेच मांडावयाची असते. जो जिंकला त्यालाच आपली चूक झाली असे वाटले तर विषय पुन्हा उघडावा, जो हरला त्याच्या हट्टासाठी नव्हे, हा त्यातील हेतू आहे. आपल्या लोकसभेची रीत निराळी आहे. ज्या प्रश्नावर सभागृहाने एकदा निर्णय दिला, तोच प्रश्न तत्त्वतः त्याच स्वरूपात त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही, असा तेथील ३३८ वा नियम आहे. आवाजी मताने लागलेला निकाल मान्य नसेल, तर त्यास तेथल्या तेथे आव्हान देऊन मतविभागणी मागावयाची असते. घरी गेल्यावर मागून उपयोग नाही.

संसदेने संमत केलेल्या विधेयकाच्या फेरविचाराचीही घटनेत तरतूद आहे. अनुच्छेद १११ अन्वये राष्ट्रपती, धनविधेयक नसल्यास, विधेयक संदेशासह परत पाठवू शकतात, परंतु दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा संमत केले तर त्यांना अनुमती द्यावी लागते. २००६ साली राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक असेच परत पाठविले होते. संसदेने ते न बदलता पुन्हा संमत केले आणि राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, पंचायती यांच्या कायदे-नियमांतही, ठराव झाल्यानंतर काही ठराविक काळाच्या आत तो फिरवावयाचा असेल तर नेहमीपेक्षा अधिक पाठिंबा लागेल, अशा धर्तीची बंधने घातलेली आढळतात. आणि नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी विशिष्ट कारणांसाठी रोखण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे.

हे झाले नियम. आता या नियमांच्या पाठीमागे न्याय कोठे असतो आणि अन्याय कोठे असतो, हे पाहण्यासाठी आपल्या कोकणातच, महाडला चलावे. महाडचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. मी तो ठरावांच्या दृष्टीने सांगतो, कारण महाडच्या लढ्याचा एक मोठा भाग ठरावांचा लढा होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो संमत झाला. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी, म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर घरोघर ज्यांची वस्ती आहे त्या समाजाचे. सरकारी पैशाने बांधलेली अथवा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. परंतु तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाऊ देण्यात आले नाही. या तीन वर्षांत तो ठराव रद्द व्हावा म्हणून काही गडबड झाली काय? झाली नाही. कागदावरच्या हक्काने कोणाचीही झोप मोडत नाही.

२० मार्च १९२७ रोजी पूज्य बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्याबरोबर ठरावात जीव आला, आणि जीव आला म्हणूनच तो मारण्याची खटपट सुरू झाली. लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा ऐका. बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशीच हे घडले. एका मतदानाने दिलेले दुसऱ्या मतदानाने काढून घेतले. त्या सभेची रीत बिनचूक असेल, मला त्याविषयी काही म्हणावयाचे नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्यांच्या पाण्याचा तो प्रश्न होता, त्यांच्या संमतीची गरज त्या फेरविचारास वाटली नाही.

आता त्याच वर्षीचा, त्याच महाडातला दुसरा फेरविचार पाहा. याविषयी फारसे बोलले जात नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद भरणार हे जाहीर होताच स्पृश्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला, आणि दोनच दिवसांनी न्यायालयाने तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह करावयाचाच, असा परिषदेचा कौल पडला, हजारोंनी नावे नोंदविली, तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. अशा तापलेल्या सभेपुढे २७ डिसेंबरला बाबासाहेब उभे राहिले, आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करावा, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. आपली लढाई स्पृश्यांशी आहे, सरकारशी आणि न्यायालयाशी ती जोडून घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. लोकांना ते रुचले असेल काय? घरदार सोडून, भाकऱ्या बांधून आलेले लोक! परंतु त्यांनी ऐकून घेतले, ठराव मान्य केला, आणि तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढून ते परतले.

एकाच गावात, एकाच वर्षी, झालेल्या निर्णयाचे असे दोन फेरविचार झाले. पहिला ज्यांचा हक्क त्यांच्या पाठीमागे झाला. दुसरा ज्यांचा निर्णय त्यांच्याच समोर, कारणे सांगून, त्यांच्याच मताने झाला. पहिल्याने हक्क हिरावला. दुसऱ्याने हक्क राखला, कारण आमचे लोक बेकायदा वागले असे म्हणण्यास प्रतिपक्षास जागा उरली नाही. बंधूंनो, न्याय्य फेरविचार आणि अन्याय्य फेरविचार यांतील फरक मला याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

पुढे काय झाले? मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. ८ जून १९३१ रोजी दाव्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. प्रतिपक्ष ठाण्यास अपिलात गेला, तेथे १९३३ साली हरला. मग मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी ते अपील फेटाळले. तळ्याचे पाणी घेतल्यास दहा वर्षे पुरी व्हावयास तीन दिवस कमी होते. या निकालाचा आधार वकिलाने नीट समजून घेण्यासारखा आहे. अस्पृश्यांस तळ्यावर येऊ न देण्याची अनादि काळापासूनची रूढी स्पृश्यांना सिद्ध करता आली नाही, हा तो आधार होता. म्हणजे ती रूढी सिद्ध झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मागे उरलाच.

त्या प्रश्नाचे उत्तर घटनेने दिले. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ ने विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली. त्यातील शब्द वाचताना बोले ठरावाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. आणि अनुच्छेद १३ ने सांगितले की, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा, आदेश, उपविधी, इतकेच नव्हे तर कायद्याइतकी बळकट झालेली रूढीही शून्यवत होय. म्हणजे आज अनादि काळची रूढी शंभर साक्षीदारांनी सिद्ध केली तरी तिचा उपयोग नाही. कोणतीही नगरपरिषद, कोणतीही ग्रामसभा एकमुखाने ठराव करूनही हा हक्क परत घेऊ शकत नाही. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अशी आडकाठी करणे हा गुन्हाही ठरविला आहे. घटना बदलावयाची तर अनुच्छेद ३६८ चे विशेष बहुमत लागते, आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातील निर्णयानंतर त्या बहुमतालाही घटनेच्या मूलभूत चौकटीस हात लावता येत नाही. जे हक्क ठरावावर उभे होते ते बाबासाहेबांनी घटनेच्या पायावर आणून ठेवले. महाडच्या ४ ऑगस्टचा धडा ज्याने घेतला होता, त्याच्याच हातून हे व्हावयाचे होते.

तरीही नळ कोठून न्यावा, रस्ता कधी करावा, स्मशानशेडला पैसे किती द्यावेत, हे सारे आजही ठरावांवरच चालते. हक्क घटनेत आहे, पण पाइप ग्रामसभेत आहे. म्हणून दोन्हींकडे लक्ष हवे.

फेरविचार नेहमी आपल्या विरुद्धच जातो असे मात्र समजू नका. आपल्या बाजूचा एक फेरविचार या मेळाव्यात सांगितलाच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास, शिखांतील मोजक्या जाती सोडल्यास, अनुसूचित जातीचे समजले जाऊ नये असे ठरविले. १९५६ साली शिखांचा समावेश सरसकट झाला. बौद्धांचा झाला नाही. त्याच वर्षी नागपूरला लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली, आणि मनाने मुक्त झालेली ती माणसे केंद्राच्या सवलतींच्या यादीतून बाहेर पडली. अशा आदेशात बदल करण्याचा अधिकार अनुच्छेद ३४१ ने केवळ संसदेस दिला आहे. म्हणून मागणी संसदेपुढेच करावी लागली, वर्षानुवर्षे करावी लागली, आणि १९९० साली संसदेने कायदा करून त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. चौतीस वर्षे गेली, एक पिढी तेवढ्यात वयोवृद्ध झाली. आज आपली मुले ज्या दाखल्यावर महाविद्यालयात प्रवेश मागतात, त्याच्या मागे हा फेरविचार आहे. तेव्हा एकदा विरुद्ध मत पडले म्हणून हातपाय गाळू नयेत, हा याचा अर्थ.

आता शेवटचा मुद्दा. ही सभेची शिस्त आम्हांस पश्चिमेकडून उसनी घ्यावी लागली, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, बौद्ध भिक्षुसंघास सभेचे नियम पूर्वीच ठाऊक होते. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतांची मोजणी, गुप्त मतदान, आणि एकदा निकाल लागलेली बाब पुन्हा न उकरण्याचे तत्त्व, हे सारे त्यांनी त्यात गणले. विनयपिटकात पाहावे. संघापुढे विषय मांडावयाचा तो ‘ञत्ति’, म्हणजे सूचना करून. महत्त्वाच्या कामी ती सूचना मांडून तीनदा घोषणा करावयाची, ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे, मान्य असेल त्याने मौन धरावे. मतभेद मिटेना तर शलाका वाटून मते घ्यावयाची. आणि भिक्षूंच्या पाचित्तिय नियमांपैकी ६३ वा नियम असा की, धर्मानुसार मिटविलेले प्रकरण जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हा दोष होय. परंतु त्याच नियमाच्या विवरणात दोष कोणास लागत नाही हेही सांगितले आहे. निर्णय धर्माविरुद्ध झाला होता, किंवा अपुऱ्या संघाने केला होता, किंवा ज्याच्या बाबतीत ते कर्म करणे योग्य नव्हते त्याच्या बाबतीत केला होता, असे जाणून जो प्रकरण पुन्हा उघडतो तो निर्दोष असतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतील ही कसोटी आजच्या ग्रामसभेस लावून पाहा. आमचा नळाचा ठराव फिरविणारी सभा तीत उतरते काय? उतरत नाही. आमची तक्रार उतरते काय? पुरेपूर उतरते.

म्हणून मी आपणांस काही साधी कर्तव्ये सांगतो. ग्रामसभेची नोटीस लागली की ती वाचा, आणि आपल्या हिताचा विषय असो वा नसो, हजर राहा, विशेषतः तहकूब सभेस. आमच्या भगिनींनी अवश्य जावे, पाण्याचा विषय त्यांच्याहून अधिक कोणास कळतो? मोजणीविषयी शंका वाटली तर तेथेच हात पुन्हा मोजण्याची मागणी करा. आपला विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. ठराव झाला की त्याची नक्कल अर्ज करून मागा आणि वाडीच्या दप्तरात ठेवा. पुढील सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम होते, तेव्हा आपला ठराव जसा झाला तसाच लिहिला आहे की नाही हे कान देऊन ऐका. आणि ठराव झाला म्हणून हारतुरे करून बसू नका. अंदाजपत्रक, पैशाची तरतूद, कामाचा आदेश, यांचा पाठपुरावा करा. जमिनीत पुरलेला पाइप उखडणे कागदावरचा ठराव पुसण्याइतके सोपे नसते.

हाच नियम आपणांसही लागू आहे. आपल्या विहाराच्या मंडळात एखादा निर्णय आपल्या मनाविरुद्ध झाला, तर दुसऱ्या दिवशी पारावर बसून तो उकरू नये. त्यात खरोखर चूक असेल तर २७ डिसेंबरच्या महाडप्रमाणे सर्वांसमोर उभे राहून कारणे सांगावीत आणि पुन्हा मत मागावे. दुसऱ्यांनी आपल्या पाठीमागे ठराव फिरविला तर आपण रागावतो, तर मग आपणही कोणाच्या पाठीमागे तो फिरवता कामा नये.

त्या वाडीत आज नळास पाणी येते. परंतु मी तेथे गेलो की एक वृद्ध आजी मला अजून विचारते, “वकीलसाहेब, कागद जपून ठेवला हात ना?” मी म्हणतो, “होय आजी, ठेवला आहे.” तोच प्रश्न आपण रोज एकमेकांस विचारावा एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.